चंद्र दिसेल असं हॉटेल

पडदा वर जाताना पाहिला नाही, तर नाटक पाहिलं असं मी मानत नाही. हा माझा माहेरचा हट्ट. वडील आम्हाला तिसऱ्या घंटेच्या आधी अर्धा तास नेऊन बसवायचे आणि आम्ही नुसता मखमली पडदा बघत बसायचो. मला तेही आवडायचं. सत्तर सालच्या सुमारास लग्न होऊन मी संगमनेरजवळच्या अकोले गावात आले. आमचे हे तिथं कचेरीत कारकून होते. पुढच्या दोन वर्षांत आम्ही नगरला जाऊन दोन नाटकं पाहिली आणि दोन्ही मधूनच पाहिली. कारण एकच. यांना जेवायला हॉटेल पसंत पडत नसे.

यांची हॉटेल निवडायची एक पद्धत होती. आधी बाहेर उभं राहून आत जेवणाऱ्यांचे चेहरे बघायचे. मग आत जाऊन पाण्याचा पेला उचलायचा, दिव्याकडे धरायचा, त्याचा वास घ्यायचा आणि खाली ठेवायचा. मग हात धुवायच्या निमित्तानं मोरीपर्यंत जाऊन स्वयंपाकघरात डोकवायचं. परत येऊन म्हणायचं, "चल." म्हणजे बाहेर चल. मला बघायला आले होते तेव्हा यांनी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. पहिल्या नाटकाला आम्ही पोचलो तोवर नायिकेचं लग्न होऊन गेलं होतं. दुसऱ्यात सगळे रडत होते, आणि कोण गेलं ते आम्हाला मध्यंतरापर्यंत कळलं नाही.

तिसरं नाटक संगमनेरलाच येणार असं कळलं तेव्हा मी यांना स्पष्ट सांगितलं, "पडदा वर जाताना मी खुर्चीत नसले, तर पुन्हा तुमच्याबरोबर नाटकाला येणार नाही."

"बरं," हे म्हणाले. हे कशालाही बरंच म्हणत.

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझंही तिकीट काढ रे."

मामंजींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांना नाटकाचं वेड होतं, मित्रांबरोबर नगर, नाशिक, पुणे करत असत. सासूबाई मात्र देवळाशिवाय कुठं जात नसत. त्यामुळे मला नवल वाटलं, आणि थोडी धास्तीही. नवरा एकटाच मला आवरत नव्हता, आता सासूही बरोबर.

तिकिटं आली. मी ती कॅलेंडरमागं खोचायला गेले आणि त्या तारखेखाली बारीक अक्षरात छापलेलं दिसलं, संकष्टी चतुर्थी. सासूबाईंची संकष्टी अतिशय कडक. चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय पाण्याखेरीज तोंडात काही नाही. आणि सासूबाई उपाशी असताना सुनेनं जेवायचं, हे आमच्याकडे चालत नसे. माझं डोकंच फिरलं.

"कॅलेंडर कशाला असतं हो भिंतीवर?" मी यांना विचारलं.

"तारीख बघायला," हे म्हणाले. "तारीख बघितली होती मी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "चंद्रोदय आठ पन्नासला आहे. नाटक नवाला. दहा मिनिटं मिळतात की."

त्यांनी हे एवढं तोंडपाठ कधी करून ठेवलं होतं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. मी दहा मिनिटांत कसं जेवायचं याच विचारात होते.

त्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं आम्ही संगमनेरला गेलो. यांच्या कचेरीतले एकजण संगमनेरला राहून ये-जा करत, ते सहकुटुंब लग्नाला गेले होते. त्यांच्या खोलीची किल्ली आमच्याकडे होती, चूल मात्र बंद. त्यामुळे संध्याकाळी हॉटेल शोधणं आलं. यांच्या तपासणीत आता एक कलम वाढलं होतं. हॉटेलातून चंद्र दिसायला हवा. जेवण समोर तयार ठेवायचं, चंद्र दिसला की चार घास खायचे आणि उठायचं, असा यांचा बेत होता. कागदावर चांगला होता.

पहिलं हॉटेल स्टँडजवळ. पेला पास झाला, मोरी पास झाली. मग यांनी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "इथून चंद्र दिसतो का?"

त्या माणसानं यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं. "राईसप्लेट हाय," तो म्हणाला. "मिसळ हाय. खिडकी हाय ती मावळतीला. चंद्राचं काय आपल्याला म्हाईत न्हाई."

"चल," हे म्हणाले.

दुसऱ्या हॉटेलाला गच्ची होती, पण गच्चीचा जिना स्वयंपाकघरातून जात होता. हे जिना चढायला गेले आणि वाटेतच परत आले. काय पाहिलं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. तोवर आठ वाजले होते. सासूबाई एका दुकानाच्या पायरीवर टेकल्या. सकाळपासून पाण्यावर होत्या, पण चेहऱ्यावर काही नाही. फक्त दोनदा मला विचारलं, "किती वाजले गं?" मला वाटलं, भूक लागली असेल.

तिसरं हॉटेल माडीवर होतं आणि पुढं लांबरुंद सज्जा, तोंड बरोबर पूर्वेला. यांनी स्वतः दिशा तपासून घेतली. पेला स्वच्छ, मोरी स्वच्छ. हे इतके खूश झाले की मालकाला शाबासकी दिली. तीन राईसप्लेटी आल्या. सव्वाआठला हे जेवायला बसले, कारण यांना उपास नव्हता. आम्ही दोघी समोर बसून यांचं जेवण आणि पूर्व दिशा, दोन्हींकडे बघत राहिलो. यांनी भात दुसऱ्यांदा मागितला.

साडेआठ झाले. माझ्या लक्षात आलं की पूर्वेला आभाळ नाहीच. समोर काहीतरी काळं, चौकोनी उभं होतं. मी मालकाला बोलावलं.

"दिवाळीपोतर दिसत हुता की चंद्र," तो म्हणाला. "मग समोरच्या सोसायटीनं मजला चढवला."

"मग आता कधी दिसतो?"

"वर आल्यावर," तो म्हणाला. "साडेनऊ तरी व्हत्याल."

मला रडू यायचं बाकी होतं. खरंच सांगते, ताटाचं नव्हतं मला काही. पण पडदा पुन्हा माझ्याशिवाय वर जाणार होता, आणि यावेळी रागवायचं कुणावर? देवाधर्माच्या गोष्टीवर सुनेनं तोंड उघडायचं नसतं. हे म्हणाले, "थांबू थोडं. सुरुवातीला तसं काही नसतं नाटकात." ताक पीत होते.

सासूबाई उठल्या. आपलं आणि माझं, दोन्ही ताटांतली पोळीभाजी त्यांनी मालकाकडून कागदात बांधून घेतली आणि पिशवीत ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेकाचा शब्द, पण अर्थ वेगळा.

"आई, अगं चंद्र?"

"तुझ्या वडिलांनी मला बारा नाटकं सांगितली," त्या म्हणाल्या. "रात्री बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवताना सांगायचे. एकाचीही सुरुवात त्यांना माहीत नव्हती. तेही हॉटेलं निवडत बसायचे." पदर खांद्यावर घेतला. "पस्तीस वर्षं मी दर महिन्याला अंगणात उभी राहून त्या चंद्राची वाट बघते आहे. आज त्यानं थोडं थांबावं. मध्यंतरात बाहेर येऊन बघीन."

हे ताकाचा पेला ठेवून उठले. मी सासूबाईंचा हात धरला. धरायची गरज नव्हती, त्या माझ्यापुढं चालत होत्या.

नवाला पाच कमी असताना आम्ही पोचलो. तिकिटावर ठळक छापलं होतं, हायस्कूलचे पटांगण. तिघांनीही ते वाचलेलं होतं. पण नगरचं नाट्यगृह डोक्यात असल्यामुळे नाटकाला छप्पर असतंच, असं आम्ही तिघांनीही धरलं होतं. इथं तिन्ही बाजूंना कनात बांधली होती, मध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, आणि वर सगळं आभाळ मोकळं होतं. यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

पडदा वर गेला. मी तो पाहिला, आणि सासूबाईंनाही पाहिलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर आल्या होत्या, पिशवी पोटाशी घट्ट धरून.

अंक रंगात आला आणि उजव्या हाताच्या कनातीवर उजेड दिसू लागला. बघता बघता चंद्र वर आला, एका बाजूनं थोडा झिजलेला, चांगला ठसठशीत. हे माझ्या अंगावरून वाकून कुजबुजले, "आई, चंद्र. उगवला बघ."

सासूबाईंनी मान वळवली नाही.

"बघितला मी," त्या म्हणाल्या. "अंक संपू दे."