न चढलेलं निशाण

जवळ ये बघू जरा. कागदावरून बोलतेय म्हणून लांब बसू नकोस. आणि आधी बोलणी खा. ‘आजी, कंपनीचं जुनं निशाण तुझ्याकडे आहे ना? ऑफिसच्या भिंतीवर लावायचंय, खाली शेवटचं निशाण म्हणून पाटी. शुक्रवारी माणूस पाठवते.’ एवढाच निरोप मोबाइलवर टाकलास. आजोबा कसे आहेत, तू जेवलीस का, काही नाही. माणूस पाठवते म्हणे. मी काय रद्दी बांधून ठेवलीय?

निशाण आहे. कपाटात, वरच्या फळीवर, लग्नातल्या शालूखाली. पण तुला वाटतं ते ते नाही, आणि हे सांगायला चार ओळी पुरायच्या नाहीत. हल्ली थोडं बोललं तरी दमायला होतं, म्हणून दोन दिवस थांबत थांबत लिहितेय. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस.

हडपसरला कालव्याच्या पलीकडे तुमची काचेची इमारत आहे ना, तिथे ओतशाळा होती. तुझी कंपनी आज कॉम्प्युटरचं काम करते, पण त्याच घराण्याची आहे. तुझ्या साहेबांचे आजोबा, म्हणजे आमचे मोठे मालक, आधी गुऱ्हाळांची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. मग स्वतःचे पाण्याचे पंप ओतायला लागले, पुढे गिअरही. पंप पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा ते मुंबईच्या गोदीपर्यंत पोचवायला गेले आणि जहाजांवर ज्याच्या त्याच्या कंपनीचं निशाण बघून आले. आल्यावर म्हणाले, आपलंही हवं. निळं कापड, मधे पांढरं दातेरी चाक, खाली भट्टीची तांबडी पट्टी. शिवायचं कुणी? तुझे आजोबा तेव्हा तिथे लेथवर नवे टर्नर. पटकन म्हणून बसले, आमच्या घरी मशीन आहे. मशीन होतं, हात माझे होते, मला कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी मीच. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, लेथला झेंडूच्या माळा, घरची माणसंही यायची. मग फाटकाशी खांबावर नवं निशाण चढायचं. जुनं उतरवायचं, घडी घालायची, आणि त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांत जो सर्वांत जुना असेल त्याच्या हातात द्यायचं. उन्हापावसानं विटलेलं असायचं, काठाला दशा सुटलेल्या असायच्या. पण माणसं ते देव्हाऱ्याशेजारी ठेवायची. शाल-श्रीफळ सगळ्यांनाच मिळायचं, निशाण एकालाच.

एका वर्षी मी चाक कापताना चुकले. बारा दाते हवेत, अकराच झाले. साहेबलोकांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. गिअर खात्यातल्यांनी मात्र माना वर केल्या आणि मोजले. त्यांतला एक मला म्हणाला, “वहिनी, एक पडला वाटतं. कवळी बसवू का?” मी म्हटलं, “भावजी, तिकडे नारळ फुटतोय, तो बघा.” पण तोवर मोठ्या मालकांच्या कानावर गेलंच. म्हणाले, “उतरवा. गिऱ्हाईक याच फाटकातून आत येतं. ज्यांना दाते मोजता येत नाहीत, त्यांचे गिअर कोण घेईल?” मी नारायण पेठेत घरी येऊन दुपारभरात दुसरं शिवलं. आजोबांनी कंपासनं बारा खुणा करून दिल्या आणि चार दिवस माझ्याशी जरा कमीच बोलले.

त्या काळी पंपासाठी लोक नंबर लावून महिनोन्महिने थांबायचे. बाजार खुला झाला आणि नंबर संपले. बाहेरचे पंप आले, हलके, दिसायला देखणे. मोठे मालक तोवर गेले होते. धाकट्या मालकांनी परदेशी कंपनीशी करार केला, मग ओतशाळा बंद झाली, मग एकेक खातं. बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद लागला. आजोबांचं शेवटचं वर्ष उरलं होतं, आणि राहिलेल्यांत सर्वांत जुने तेच. म्हणजे निशाण त्यांचं. ते असं कधी बोलले नाहीत, पण देव्हाऱ्याशेजारी नवी फळी ठोकून त्यांनी तिला स्वतः पॉलिश केलं होतं.

मी विचारलं, “सही नाही केली तर?”

म्हणाले, “मग तिथे मी एकटाच लेथ पुसत बसतो. डबा दोघांचा दे, एक वॉचमनला.”

सही केली. सगळ्यांनीच केली.

खंडेनवमी जवळ आली. दरवर्षी स्टोअरचे कारकून पंधरा दिवस आधी कापड घेऊन यायचे, ते आले नाहीत. वाट बघून मीच रविवार पेठेतून कापड आणलं आणि शिवलं. बारा दाते, दोनदा मोजले. नवमीला सकाळी आम्ही दोघं बसनं गेलो. फाटकावर नवा वॉचमन. त्यानं नाव विचारलं, यादीत बघितलं, नव्हतं. आत पूजा चालली होती, कॉम्प्युटरांची. खांबावर छापील नायलॉनचं काहीतरी फडफडत होतं, तिरक्या इंग्रजी अक्षरांचं. आजोबांनी त्याला विचारलं, “जुनं निशाण कुठाय?” तो म्हणाला, “साफसफाईत गेलं असेल, काका.” बिचारा, त्याला काय ठाऊक.

घरी आल्यावर मी माझं शिवलेलं त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, “हे चढलेलं नाही. न चढलेलं म्हणजे नुसतं कापड. आणि कारखान्यानं कुठे दिलंय? बायकोनं दिलंय.” मला लागलं ते. पण खोटं नव्हतं. पुढे त्या फळीवर मी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

तर तुझा निरोप मी त्यांना वाचून दाखवला. हल्ली हात धरल्याशिवाय उठवत नाही त्यांना. डोळे मिटूनच म्हणाले, “शेवटचं कसलं. तिला सांग, खोटी पाटी लावू नये.” मला वाटलं विषय संपला. चहा झाल्यावर विचारलं, “खांब आहे का गं अजून तिथे?” काल परत विचारलं. आज सकाळीही. मी काय सांगू? मी इतक्या वर्षांत तिकडे फिरकलेही नाही.

तेव्हा असं कर. तुझ्या साहेबांना विचार, हे एक दिवस तिथे चढवाल का. संध्याकाळी उतरवून घडी घालून आजोबांच्या हातात द्यायचं, कारखान्याकडून. मग त्यांच्यामागं खुशाल न्या, भिंतीवर लावा, पाटीवर खरं काय ते लिहा. साहेब नाही म्हणाले तर नाही. मी भांडायला यायची नाही, तेवढं त्राण आता अंगात नाही. पण नकार असला तरी तो मला फोनवर सांगू नकोस, आणि माणूस तर मुळीच पाठवू नकोस. खांब आहे की नाही ते स्वतः बघ आणि आजोबांसमोर बसून तुझ्या तोंडानं सांग. ते रोज नऊला दाढी करून खुर्चीत बसलेले असतात. या रविवारीच ये, पुढच्या नको.