डिस्पोजलचं पुढचं चाक

"...धरनाच्या वळनावर बबनची गाडी पान्यात जानार. भगत अंगात आल्यावर बोललाय. आन् बबन—"

विहिरीवर गौराबाई एवढं बोलली आणि मागं मी उभी आहे हे तिला दिसलं. झालं, तोंड मिटलं! कळशी काठोकाठ भरलेली, तरी बाई रहाट ओढतच राहिली.

"आन् बबन काय गं?" मी विचारलं.

"काय न्हाई आक्का. ऊन लई हाय."

आता असं अर्धं वाक्य कानात घालून कुणी माणसाला घरी पाठवतं का? बबन माझा शेजारी. मधे नुसती कुडाची भिंत. त्याच्याकडं फोडणी पडली की ठसका मला लागणार. तेव्हा त्याच्या गाडीचे किस्से माझ्याकडं साठत गेले, यात माझं काय चुकलं? आमच्या माले गावठाणात प्रत्येकाकडं एखाददुसरा असेल. माझ्याकडं हौदाभर आहेत. आधी हसायचे होते. मग हळूहळू ते मी दार लावून सांगायला लागले.

* * *

गाडी म्हणजे लष्करानं मोडीत काढलेली छोटी मालगाडी. पुढं दोघातिघांपुरती जागा, मागं उघडा हौदा. दुसरी मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती, पण गाव तिला 'डिस्पोजल' म्हणायचं ते म्हणायचंच. तांदूळ, कोळसा, दुधाचे क्यान आणि माणसं, सगळं एकात.

पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं विचारलं, "किती मैल चाललीय हो ही?"

बबन म्हणाला, "काटा कवाच दमून बसलाय. गाडीला अजून कुनी सांगितलं न्हाई!"

पण खरं दुखणं पुढच्या अंगाला. स्टेअरिंग फिरवलं तरी चाक लगेच वळायचं नाही. स्टेअरिंग नुसतंच हातात हलायचं. त्याला म्हणे 'प्ले' म्हणतात. आमचे हे एकदा बबनशेजारी बसून पौडला गेले. घरी आले ते घामानं निथळत. म्हणाले, "पोरगं स्टेअरिंग फिरवतंय मालेत, आणि चाक वळतंय भुकूमात!"

मी पोट धरून हसले. भिंतीपलीकडं बबनची बायको कौसा मात्र हसली नाही.

* * *

गाडीला थोडा वेग आला की पुढची चाकं थरथरायची. आधी स्टेअरिंग, मग काच, मग बसलेल्यांचे दात. बबन म्हणायचा, "घाबरू नका, ह्या येगाच्या पल्याड गेली की गप होती." म्हणजे भीती वाटली की आणखी जोरात हाकायची!

हौद्यातली माणसं शहाणी झाली होती. थरथर सुरू झाली की सगळे एका सुरात रामराम रामराम. थांबली की पुन्हा भाताच्या गप्पा. एकदा एक नवे गुरुजी बसले. ते खूश. "काय भाविक गाव आहे हो!"

शेजारचा म्हातारा म्हणाला, "गुर्जी, तुमी बी म्हना. उतार आलाय."

* * *

आणि गाडी डावीकडं ओढायची. पौडच्या रस्त्याला त्याचं काही वाटायचं नाही, डावीकडं शेत. पण मुळशीकडं जाताना धरणाचं ते वळण लागतं, तिथं डाव्या हाताला पाणी. खोल, काळं. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या वाड्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. तिथं आलं की बबनच्या दंडाच्या शिरा उभ्या राहायच्या.

मी बसायला आले की तो मला हमखास सांगायचा, "आक्का, तुमी हौद्यात उजव्या अंगाला बसा. तुमी असला की गाडी सरळ चालती!"

मी अंगानं चांगलीच जाड, त्यामुळं लोक हसायचे. मीही हसायचे. पण वळण येईपर्यंत सगळे लोक सरकत सरकत माझ्याच बाजूला आलेले असायचे, आणि डावी बाजू सबंध मोकळी. कुणी कुणाला सांगत नव्हतं.

कौसा त्या गाडीत कधीच बसली नाही. माझ्या ओसरीवर येऊन भाजी निवडायची आणि कान रस्त्याकडं. खडखड ऐकू आली की मगच हात चालायचा. एकदा म्हणाली, "आक्का, गाडीत खोट असती तर ती समद्या रस्त्यानं वढली असती. माझं काळीज म्हनतंय, ती तितंच वढतीया."

"अगं, सगळीकडंच ओढते."

"मग लोक तितंच का सरकत्यात?"

मी तिच्या पुढ्यातली भाजी ओढली आणि निवडायला लागले.

* * *

पौडचा गुलाब मिस्त्री आला. चाक वर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. खटक खटक! म्हणाला, "म्हातारीचा दात हालतोय." चाक ज्या जाड खिळ्यावर वळतं, तो किंगपिन झिजला होता. त्यानं तुपाच्या डब्याचा पत्रा कापून आत सारला.

मग चाकं सरळ करायची होती. काठी घेतली, दोन्ही चाकांच्या मधलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं. मागच्यापेक्षा पुढं दोन बोटं कमी पाहिजे, असा त्याचा हिशेब. पण मोजताना हात काळे झाले म्हणून तो धुवायला गेला आणि तेवढ्यात ती दोन बोटं बबननं आपलीच लावली. गुलाबची बोटं काटक्यांसारखी, बबनची केळ्यांसारखी!

महिन्याभरात टायर एका कडेनं झिजून गुळगुळीत. बबन वैतागला, "मिस्त्री, एक चाक पौडाकडं बघतंय, एक मुळशीकडं!"

"बोटं कुनाची व्हती?" गुलाबनं विचारलं. मग दोघंही आपापल्या हाताकडं बघत बसले.

* * *

पुढचा किस्सा कौसाचा. गुलाबनं जाताना तिला त्या खिळ्याजवळचं छोटं लोखंडी बोंड दाखवलं होतं. "वयनी, हितनं ग्रीस जातंय. गाडीचा जीव हाय ह्यो. ह्याला जपा."

कौसानं जपलं! दर अवसेला गाडीखाली शिरून त्या बोंडाला तेलात कालवलेला शेंदूर लावायची. थरावर थर. बबन बघायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा. तिचा जीव शांत होतोय ना, मग लावू दे.

गुलाब पुन्हा आला, ग्रीसची पिचकारी लावली, तर ग्रीस सगळं बाहेर. खरवडून बघतो तर शेंदूर आत घट्ट बसलेला. "वयनी, देवाचं तोंडच लिंपलं की वो तुमी!"

आम्ही हसलो. तो हसला नाही. चाक हलवून बघितलं आणि बबनला बाजूला घेऊन गेला. मी धुणं वाळत घालायच्या निमित्तानं जवळ गेले, म्हणून ऐकू आलं. "कोरडा खिळा घासून घासून खलास झालाय. पुन्याहून नवा आनतो. तवर धरनाच्या रस्त्याला जाऊ नगंस."

कौसानंही ऐकलं. ती नखातला शेंदूर कोरून काढायला लागली. जे हातानं पुजलं, तेच हातानं मारलं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं.

* * *

विहिरीवर गौराबाई अर्धं बोलली ती त्याच आठवड्यात. आणि त्याच आठवड्यात धरणापल्याडच्या वाडीत कौसाच्या भावाच्या लेकाचं बारसं. बारसं झालं की तिथून पाहुण्यांना माघारी आणायचा शब्द बबननं आधीच दिलेला.

"हळू जातो," तो म्हणाला.

"जायचंच आसंल तर मी बी येनार," कौसा म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती गाडीत चढली, पुढं त्याच्या शेजारी. मग मी कशी घरी राहणार? मी कडेला दारापाशी बसले. म्हणजे डावीकडं. पुढं उजवी बाजू हाकणाऱ्याची, बबनची.

भर दुपार. वळण आलं. बबननं वेग अगदी कमी केला होता, तरी थरथर सुरू झाली. मी रामराम सुरू केलं. कौसानं बबनचा सदरा मुठीत धरला. खाली काड्कन आवाज झाला, गाडी माझ्या बाजूला खचली, आणि समोरून एक चाक एकटंच पळत निघालं!

"अरे, कुणाचं चाक?" मी ओरडले.

"आपलंच की!" बबन म्हणाला.

चाक उतारावरून उड्या मारत गेलं, खडकावर आपटलं, टायर फाटकन फुटला, आणि ते पाण्यात शिरून दिसेनासं झालं. गाडी घासत घासत काठाच्या दगडाला जाऊन टेकली. माझ्या दाराखाली नुसतं पाणी. आम्ही उजवीकडून एकामागून एक बाहेर पडलो.

कौसा रडत रडतच हसायला लागली. "आक्का, घेतलं पान्यानं! चाकावर भागलं! चला, चालत घरी चला."

पण बबन सदरा काढत होता.

"आवं, काय करताय?"

"चाक काढतो. काठालाच हाय. पुरुषभर पानी आसंल."

कौसानं त्याच्या कमरेला मिठी मारली. "न्हाई जायचं! भगत काय म्हनलाय ठाव हाय का?"

माझे कान टवकारले. अशा वेळीसुद्धा! "काय म्हणालाय गं?"

"पानी गाडी घेईल," ती म्हणाली, "आन् मागनं ह्ये सोताच्या पायानं जातील."

बबननं तिचे हात सोडवले. "गाडी वर हाय. बघ की, खोटा निघाला तुजा भगत." आणि बुडी मारली.

बुडबुडे आले. मग तेही थांबले. कौसा गुडघाभर पाण्यात जाऊन त्याच्या नावानं ओरडली. लग्नानंतर तिच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

बऱ्याच वेळानं डोकं वर आलं. छातीशी चाक. आम्ही दोघींनी ओढून काठावर घेतलं. बबन धापा टाकत आडवा पडला. कौसानं देवाला हात जोडले. मी पदरानं चाकाचं शेवाळ पुसायला लागले. खूप शेवाळ होतं. टायर नव्हताच, नुसतं गंजलेलं लोखंड.

"बबन, आपल्या चाकाला नटांची भोकं किती?"

"पाच."

ह्याला सहा होती. त्या वळणावर कुणाची गाडी गेल्याचं तोवर आमच्या गावात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

"मग ह्ये कुनाचं?" कौसानं विचारलं.

पाय पुन्हा पाण्यात सोडून बबन आपल्या ओल्या पंज्यांकडं बघत होता.

"खाली आख्खी गाडीच हाय. तिचं स्टेरिंग बी हाताला लागलं," तो हळूच म्हणाला. "फिरवून बघितलं. आक्का, जरा बी प्ले न्हाई त्यात."