आजीच्या हातावरचा तास

माझी आई गावाहून मस्कतला आली, महिनाभर राहिली, आणि माझी लेक तिच्याशी धड चार वाक्यं बोलली नाही. लेकीचं मराठी म्हणजे ‘हो’, ‘नको’ आणि ‘आजी, जेवलीस?’ संपलं! आई बिचारी दार्सैत भागातल्या आमच्या गॅलरीत बसून खालच्या टॅक्सी बघायची. “पोरीला मी आवडत नाही गं,” जायच्या आदल्या दिवशी म्हणाली. उद्यावर विमान आलेलं, आणि ही अशीच परत जाणार?

त्या संध्याकाळी लेक सुमेरियन लोकांचं प्रोजेक्ट घेऊन बसली. इराकातले फार जुने लोक. आपल्या या ओमानला ते मगान म्हणायचे म्हणे, आणि तांबं इथून न्यायचे. मूळचे कुठले, कुणालाच नक्की ठाऊक नाही. भाषा तर जगात कुणाशीच जुळत नाही. म्हटलं, घ्या, हे तर आमच्याच घरातलं!

“मम्मा, तासाची साठ मिनिट्स पण त्यांच्यामुळे,” लेक अर्ध्या इंग्रजीत म्हणाली. अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजायची, बारा होतात. दुसऱ्या हाताच्या पाच बोटांवर असे पाच डझन धरले, की साठ. ते असंच मोजत असावेत, असं टीचरने सांगितलेलं.

“अगं, तुझी आजी तस्संच मोजते!” मी म्हटलं. कुकरच्या शिट्ट्यांपासून एकादशीपर्यंत आईचं सगळं पेरांवरच चालतं.

लेक उठली आणि आजीचा हात मांडीवर घेऊन मोजायला लागली. अकरा. पुन्हा मोजलं, तरी अकराच. आजीच्या करंगळीचं टोक लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून गेलेलं. महिनाभरात पोरीने ते पाहिलंच नव्हतं.

“आजी, तुझा तास पंचावन्न मिनिट्सचाच आहे!”

आई खो खो हसली. “तरीच माझी कामं लवकर उरकतात!”

लेक हसली नाही. “खूप दुखला?” तिने विचारलं, आणि आपल्या करंगळीचं टोक आजीच्या थोट्या बोटाला लावलं. “हा माझा घे. आता बारा.”

मग रहाट म्हणजे काय, विहीर केवढी, कोण रडलं, सगळं सुरू झालं. आई हातवारे करत सांगत होती. मी डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी “यल्ला, आई, आटप,” म्हणून घाई करत होते. आई जागची हलेना. नातीची करंगळी तिने मुठीत धरलेली.

“थांब गं जरा,” ती माझ्यावर खेकसली. “माझी पाच मिनिटं हिच्याकडे आहेत. तेवढी घेऊ दे.”