सेफ्टीचे पॉइंट

आमच्या वर्कशॉपचे किस्से सांगायला मी मुद्दाम बसत नाही. महाडच्या स्टँडवर चहाला थांबलो की कुणीतरी जुना विद्यार्थी भेटतो आणि विचारतोच, "सर, त्या गेमचं काय झालं?" मग काय, बसावंच लागतं!

इंजिनिअरिंगच्या पोरांनी सेफ्टी खेळत खेळत शिकावी म्हणून आमच्या प्राचार्यांनी मोबाइलवर एक गेम आणला. नियम पाळा, धोका दिसला की फोटो टाका, पॉइंट मिळवा. पहिल्या येणाऱ्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत थेट अप्रेंटिसशिप. पोरं नियम पाळायला एवढी खूश झालेली पाहून मला तेव्हाच संशय आला.

*

पहिल्याच आठवड्यात अख्ख्या वर्गाचे गॉगल लावलेले सेल्फी आले. प्राचार्य भारावले. मी फोटो मोठे करून पाहिले, तर प्रत्येकाच्या डाव्या काचेवर तोच ओरखडा. एकच गॉगल वर्गभर फिरला होता!

*

दासगावचा ओंकार सगळ्यांच्या पुढे. त्याला लेथजवळ रोज तेल सांडलेलं सापडायचं. मी लेथ उघडून तपासलं, कुठेही गळती नाही. शेवटी बोटावर तेल घेऊन हुंगलं, तर खोबरेल! ओंकारला बोलावून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, पाय तर खोबरेलवरूनपण घसरतो."

*

मग फायर ड्रिल झालं. बाहेर पडताना दारावरचा कोड स्कॅन केला की पॉइंट. घंटा वाजली आणि सगळे दारातच फोन धरून उभे. प्राचार्य आत अडकले. घामाघूम होऊन बाहेर आले आणि पहिला प्रश्न काय, तर "पहिला कोण आला?"

*

शिवथरची सायली मात्र कायम तळाला. मला तिचाही संशय आला. पण बघावं तेव्हा केस बांधलेले, ॲप्रन अंगात, गॉगल डोळ्यांवर. मग पॉइंट जातात कुठे?

तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, पोर शेवटी हाय म्हनं. हितं काम नाय मिळालं तर मुंबैला मामाकडं धाडतो." सायलीला मुंबईला जायचं नव्हतं. घरून रोज ये-जा करता येईल अशी एमआयडीसीतली ही एकच जागा होती. मला फार वाईट वाटलं, पण गेम काही माझ्या हातात नव्हता.

*

निकालाच्या दिवशी कंपनीचे साहेब वर्कशॉपमध्ये आले. सगळा वर्ग उभा. ओंकारने साहेबांच्या हातात फोन देऊन सगळ्यात जास्त पॉइंट मिळवून देणारा फोटो दाखवला. एकदा वेल्डिंगच्या सिलिंडरमधून खरोखरच गॅस गळला होता, त्या दिवसाचा.

साहेबांनी विचारलं, "वास आल्यावर तू काय केलंस?"

"फोटो काढला, सर."

"मग?"

"अपलोड केला."

"आणि सिलिंडर कुणी बंद केला?"

ओंकारने मागे वळून सायलीकडे पाहिलं. साहेबांनी तिला पुढे बोलावलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "तू का नाही टाकलंस गेममध्ये?"

"फोन बाहेर बॅगेत होता, सर. गॅसजवळ फोन न्यायचा नाय ना."

प्राचार्य खाली बघू लागले. साहेबांनी ओंकारचा फोन त्याला परत दिला आणि सायलीला विचारलं, "शिवथरहून सकाळची एसटी मिळते ना?"