कागद न घेता आलेली

एकटे राहणारे म्हातारे हा तिच्या पीएच.डी.चा विषय होता, आणि मी त्यातली एक म्हातारी. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती दर गुरुवारी मोपेडवरून यायची. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसायची. तमिळमध्ये प्रश्न विचारायची आणि अवघड प्रश्नाआधी हळूच म्हणायची, "रागावू नका, अक्का." मुलगा फोन करतो का, हे विचारताना तिने कागदावरची नजर वर उचलली नाही.

एक दिवस प्रश्न संपले. माझी सही घेऊन ती गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा दारात उभी, हातात कागद नाही.

"काय राहिलं गं?"

"काही नाही, अक्का. सुट्टी लागली, हॉस्टेल रिकामं झालं. चार दिवस कुणाशी बोलले नाही."

माझं सगळं एकटेपण तिने लिहून नेलं होतं. मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

"जेवलीस?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि एकदम रडू लागली. मी केळीची दोन पानं मांडली, सांबार-भात वाढला. बोलायला म्हणून आलेली ती जेवताना एक अक्षर बोलली नाही. मी तिला वाढत राहिले.