पायरीवरचं संत्रं

पाटीवर 'भव्य' हा शब्द दिसला की मी आधी पाटी कोणी लावली ते पाहते. आमच्या पांढुर्ण्याच्या कबड्डी स्टेडियमच्या फाटकावर एका सकाळी निळी पाटी आली. इथं भव्य आधुनिक क्रीडासंकुल होणार, असं तिच्यावर लिहिलेलं होतं आणि खाली रंगीत चित्र होतं. चित्रात काचेची इमारत होती, इमारतीपुढं खजुराची झाडं होती आणि झाडांखालून गोरीगोमटी माणसं फिरत होती. कबड्डीचं मैदान कुठं दिसत नव्हतं. मी अगदी जवळ जाऊन, चष्मा वर करून शोधलं. नव्हतंच.

घरचे म्हणतात, हिच्यासमोर दुधाचा पेला ठेवला तरी ही आधी पाणी किती घातलं ते विचारते. विचारते. नगरपालिकेच्या पाणी विभागात कारकुनी करून इतकी वर्षं काढली, पाणी कुठं मुरतं हे विचारायची सवय लागणारच. त्यात पांढुर्णा जिल्हा झालेला. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना जागा लागते, आणि आमचं स्टेडियम स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. कोणी पांढऱ्या शर्टातला माणूस तिथं नुसता उभा राहून इकडंतिकडं पाहायला लागला तरी मी त्याची गाडी कुठली ते पाहून यायची.

स्टेडियम म्हणजे तरी काय होतं? तीन बाजूंनी काळ्या दगडाच्या पायऱ्या, मधे माती, चौथ्या बाजूला भिंत आणि भिंतीपलीकडं रेल्वेची लाइन. पण थंडीत संत्री उतरायला लागली आणि स्पर्धा लागली की सौंसरहून बस भरभरून लोक यायचे, बैतूल आणि छिंदवाड्याचे संघ यायचे, आणि गावातला चहावाला महिनाभर कोणाशी नीट बोलत नसे.

तिथं एक रिवाज होता. ज्याला जागा धरायची त्यानं सकाळी येऊन पायरीवर एक संत्रं ठेवून जायचं. संत्रं ठेवलं की जागा त्याची. सामना संध्याकाळी असो, त्या संत्र्याला कोणी हात लावत नसे. शेळ्या हाकलायचं काम मात्र सगळ्यांचं. मालक आला की संत्रं उचलून बसायचा आणि मध्यंतरात तेच सोलून डाव्या-उजव्याला द्यायचा. पुढाऱ्याच्या पोरानंसुद्धा कधी दुसऱ्याचं संत्रं सरकवलेलं मी पाहिलं नाही, आणि मी अशा गोष्टी पाहायलाच बसलेली असते.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. सगळ्यात खालच्या पायरीवर, मधल्या रेषेसमोर, एक जागा रिकामी दिसली. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती, तिगावहून पॅसेंजरनं आलेली, बागाईतदार घरची. तिनं माझी वस्ती विचारली. मी सांगितलं, लाइनीपलीकडची, बौद्ध वस्ती. मध्यंतरात तिनं संत्रं सोलायला घेतलं तेव्हा मी तिच्या हाताकडं पाहत राहिले. फोड वरून टाकते, पायरीवर ठेवते, की विसरल्यासारखं करते? या बाबतीत मी लहानपणापासून डोळ्यांत तेल घालून पाहत आलेली आहे. तिनं संत्रं मधोमध मोडलं आणि अर्धं माझ्या तळहातावर दाबलं.

"खा वो बाई, लवकर," ती म्हणाली. "खेळ सुरू झाला तं चिकट हातानं टाळी वाजत नाही."

तेव्हापासून माझी जागा तीच धरायची. ती सकाळच्या गाडीनं येऊन दोन संत्री ठेवायची, एक तिचं, एक माझं. मी ड्यूटी संपवून धावतपळत पोचायची तेव्हा माझं संत्रं जागेवर असायचं. आमची मैत्री त्या पायरीपुरतीच होती. एकमेकींच्या घरी आम्ही कधी गेलो नाही आणि त्याचं दोघींना काही वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट. भिंतीपलीकडून मालगाडी जायला लागली की रेडरचं 'कबड्डी, कबड्डी' कोणाला ऐकू येत नसे. चढाईत दम तुटला की नाही हे पंचालाही कळत नसे. मग तो खालच्या पायरीकडं, तिच्याकडं पाहायचा. ती ऐकायच्या भानगडीत पडतच नसे, रेडरच्या गळ्याकडं पाहायची. ती "तुटला" म्हणाली की तुटला. एकदा सौंसरविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात तिनं आमच्याच गावच्या पोराचा दम तुटला म्हणून सांगितलं आणि आम्ही हरलो. मागच्या पायऱ्यांवरून शिव्या आल्या, ती जागची हलली नाही. मी स्वतःच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नाही, पण तिच्या शब्दावर ठेवला होता.

पाटी लागल्यावर गाव माझ्यामागं लागलं. "तुमच्याच ऑफिसात शिजून राहिलं नं मॅडम? सांगा नं." आता पाणी विभागाला कोण काय सांगतं? आधी नवं बांधू, मगच जुनं पाडू, असं मीही बाकीच्यांसारखंच ऐकलं होतं आणि बाकीच्यांसारखा माझाही त्यावर काडीचा भरवसा नव्हता. मग एका दुपारी साहेबांनी बोलावून सांगितलं, उद्या सकाळी मैदानाकडची पाण्याची लाइन बंद करायची, पाडायला मशीन येणार आहे. मी बाहेर व्हरांड्यात येऊन एकच फोन केला. तिला.

तिनं आधी मशीन किती वाजता येणार ते विचारलं. मग म्हणाली, "सगळ्याइले सांग, संत्रे ठेवा म्हणावं. धरलेली पायरी कोण फोडते?"

आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही. इतकी वर्षं जे कोणी मोडलं नाही ते मोडता येतं, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी संत्री. सौंसरचेही आले होते, आयुष्यभर आम्हाला पाण्यात पाहणारे. मी मात्र पायऱ्यांवर नव्हते. मी ड्यूटीवर होते, पाणी बंद केल्याची नोंद करायला, साहेबांच्या डोळ्यांसमोर, कोपऱ्यातल्या निंबाखाली, जिथं व्हॉल्व्ह आहे. लाइनमननं व्हॉल्व्हची ती लांब लोखंडी चावी माझ्या हातात दिली आणि तंबाखू मळायला घेतली.

मशीनवाला बाहेरगावचा होता. तो खाली उतरला, पायऱ्यांकडं पाहून खूश झाला, जवळचं एक संत्रं उचललं, सोललं आणि खाल्लं. एवढी माणसं होती, कोणी ब्र काढला नाही. असं कधी घडलंच नव्हतं, त्यामुळं घडल्यावर काय करायचं असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

मग पुढारी आला, त्याच्यामागं फोटोवाले. संत्री पाहून त्यानं खिशातून रुमाल काढला. पांढुर्ण्याच्या क्रीडाप्रेमींनी आपल्या लाडक्या मैदानाला संत्री वाहून निरोप दिला, विकासाला आशीर्वाद दिला, असं तो माइक नसतानाही माइकमध्ये बोलल्यासारखं बोलला. आम्ही जागा धरली होती आणि हा आम्हाला निरोप द्यायला लावत होता. टाळ्या वाजल्या. त्या कोणी वाजवल्या, हे मी अजून शोधते आहे.

दुपारी पायऱ्यांचा ढिगारा झाला होता. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर फोटो आला: पुढारी, त्याच्यासमोर तिगाववाली, मान लवलेली, दोन्ही हात जोडलेले. खाली लिहिलेलं, भावपूर्ण निरोप. मी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. हात जोडलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी लाइनमन म्हणाला, दगडाचा एक ट्रक तिगावच्या रस्त्यानं गेला, तुमच्या त्या मैत्रिणीच्या बागेपाशी थांबला होता. मला जे समजायचं ते समजलं: दगडांसाठी ती पुढाऱ्याला मिळाली होती. संत्री ठेवायची युक्ती कोणाची होती? तिचीच. तिचा फोन आला, मी उचलला नाही. आणखी काही वेळा आला, मग यायचा थांबला. राग तर होताच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, की मी, एवढी संशयी बाई, नेमकी जिच्यावर संशय घ्यायचा तिच्यावरच घेतला नाही.

वर्ष गेलं. मैदानाभोवती पत्रे लागले. पत्र्यांच्या फटीतून मी रोज जाता-येता पाहते, आत गाजरगवत आहे आणि सरकारी गाड्या उभ्या असतात. पाटीवरची गोरी माणसं उन्हानं निळी पडली आहेत.

थंडीत स्पर्धा सौंसरला झाली, शाळेच्या मैदानात, मॅटवर. मी सुट्टी काढून बसनं गेले आणि सवयीनं एका प्लास्टिकच्या खुर्चीवर संत्रं ठेवून पाणी प्यायला गेले. परत आले तर खुर्चीवर एक तरुण बसला होता आणि संत्रं खाली गवतात होतं. तो मला "सॉरी आंटी" म्हणाला, उठला मात्र नाही. मी मागं उभी राहिले. पुढच्या रांगेत, मधल्या रांगेत, बायकांच्या बाजूला, सगळीकडं पाहिलं. ती आली नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मी तिगावला गेले. भेटायला गेले असं म्हणणार नाही. दगड मोजायला गेले.

तिची बाग रेल्वेलाइनीला लागूनच आहे. ती विहिरीपाशी धुणं धूत होती, आणि धूत होती ती आमच्याच पायरीवर. कोपरा टवका उडालेला, जिथं दरवेळी माझी चप्पल अडकायची. तिनं मला पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा धुण्याला लागली. मी विहिरीमागं पाहिलं, पेट्यांच्या शेडमागं पाहिलं, बांधावर पाहिलं. दुसरा दगड नव्हता.

"पाहून घे," ती म्हणाली. "एकच हाय. ट्रकवाल्याले पेटीभर संत्रे देल्ले, तवा त्यानं उतरवला. त्यातही तुह्या बाजूचा भेटला, माह्या बाजूचा कुठं गेला काय मालूम."

"अन् थो फोटो?" मी विचारलं. "हात जोडून उभी होती त्याच्यासमोर."

"मंग काय करू? थांबा म्हणून राहिली होती त्याले. पाया पडाचीच बाकी होती." तिनं पिळलेलं लुगडं दगडावर आपटलं. "मशीनच्या आवाजात कोणाले आयकू येते?"

फोटो मी इतका मोठा करून पाहिला होता आणि तिच्या तोंडाकडं, उघड्या ओठांकडं, एकदाही पाहिलं नव्हतं.

"अन् तू?" ती म्हणाली. "तू निंबाखाली उभी होती. साहेबाच्या बाजूनं. हातात थे पाण्याची चावी. म्या तुह्याकडं पाह्यलं, का तू येशीन मधात, ऑफिसातली हायेस, तुहं आयकतीन. तं तू मान खाली घातली."

मी सांगायला लागले: चावी लाइनमनची होती, तो तंबाखू मळत होता, मी ड्यूटीवर होते. सगळं खरं होतं. पण बोलताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. तिच्या जागी मी असते तर एक अक्षरही खरं मानलं नसतं.

तिनं ओले हात लुगड्याला पुसले, वरच्या फांदीवरचं एक संत्रं तोडलं आणि न सोलताच मधोमध मोडलं. दगडाच्या एका बाजूला बसली. दुसरी बाजू रिकामी ठेवली, माझी. मी बसले. मी हात पुढं केला, तर माझं अर्धं तिनं आपल्याच मुठीत धरून ठेवलं.

"एक दिवस आधी सांगतलं तू मले," ती म्हणाली. "त्याच्या आधीपासून मालूम होतं नं तुले? खरं सांग."

"नाही," मी म्हणाले, आणि तेवढ्यात बागेपलीकडून इटारसीकडची मालगाडी आली. विहिरीतलं पाणी हलायला लागलं. माझा आवाज मलाच येईना. तिला तर काय येणार! मी म्हणतच राहिले, नाही, नाही, नाही, श्वास न घेता. ती माझ्या तोंडाकडं पाहत नव्हती. ती माझ्या गळ्याकडं पाहत होती.

मालगाडी लांब होती, आणि माझं अर्धं संत्रं अजून तिच्याच हातात होतं.