यात्रावाल्या परबबाई

रत्नप्रभा परबला देवाधर्माची आवड कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलुंडला आज लोक तिला 'यात्रावाल्या परबबाई' म्हणून रस्त्यात हात जोडतात, आणि ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. ही बाई सोमवारी मटण खायची. संकष्टीला चंद्र उगवायच्या आत जेवून, भांडी घासून मोकळी व्हायची. तिला वेड एकाच गोष्टीचं होतं, मोटारसायकलींच्या शर्यतींचं.

आग्रा रोडवरच्या एका लहानशा कारखान्यात ती ब्रेकच्या केबली तपासून खोक्यांत भरायची. मूळची वेंगुर्ल्याकडची. वडील गिरणीत होते, ते लवकर गेले, आणि भावंडांची लग्नं लावता लावता हिचं राहून गेलं. १९८० साली कारखान्याच्या मालकाने मद्रासबाहेर शर्यतींच्या जागी केबलींचा स्टॉल लावला. जायचा होता एक कारकून, त्याला झाली कावीळ. मालकाने वैतागून रत्नाताईला पाठवलं. तीन दिवस पत्रकं वाटायची होती. पहिल्याच दुपारी ही स्टॉल सोडून कुंपणाला जाऊन चिकटली ती संध्याकाळी हलली.

"आपण बांधलेली केबल गं, कुंदा," ती मला सांगायची. "तो पोरगा असा सुसाट येतो, आणि वळणावर दोन बोटांनी तिच्यावर सगळा जीव टाकतो. दहा वर्षं मी ती खोक्यात भरतेय. माका काय ठाऊक ती कुठे जाते!"

मी कुंदा. तिच्या खालच्या मजल्यावर राहायचे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. घरी नवरा, सासू, दोन मुलं. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पण रत्नाताई बोलायला लागली की मी हातातलं काम टाकून ऐकत बसायचे, आणि पुढच्याच वर्षी मी तिच्याबरोबर मद्रासला गेले.

तोवर तिचा धंदा सुरू झाला होता. धंदा म्हणजे तिकिटं, लॉज, जेवण, शर्यतीचे पास, सगळं ती एकटी बघायची, आणि दर फेब्रुवारीला सात-आठ बायकांना घेऊन जायची. अशा बायका होत्या, हे कुणाला खरं वाटत नाही. गॅरेजवाल्याची मुलगी होती, अंधेरीच्या शाळेतल्या एक बाई होत्या, वाकोल्याची चंपा नावाची नर्स होती. त्यांना गाड्या आवडायच्या आणि ते सांगायची सोय नव्हती. रत्नाताईचा नियम कडक होता. प्रत्येकीने एकटीने यायचं. नवरा नाही, भाऊ नाही, दोन जावा नाहीत, दोन शेजारणी नाहीत. "दोघी आल्या की एक बोलते," असं तिचं म्हणणं.

आणि घरी काय सांगायचं? तिरुपतीला जाते. मद्रासच्या वाटेवरच ते. यात्रेला निघालेल्या बाईला कोण अडवणार? गोराईची एक ख्रिश्चन मुलगी वेलंकणीचं नाव सांगायची, चंपा हॉस्पिटलचं ट्रेनिंग सांगायची, बाकी आम्ही सगळ्या तिरुपती. परत येताना गाडी रेणिगुंट्याला थांबायची, तिथून तिरुपती जवळ. रत्नाताईने तिथला एक चहावाला बांधून ठेवला होता. तो देवस्थानचे लाडू पुड्यांत बांधून खिडकीशी घेऊन यायचा, ज्या बायांनी तिरुपती सांगितलंय त्यांना एकेक. साड्यांना जळक्या एरंडेलाचा वास लागायचा, शर्यतीच्या गाड्यांत तसलंच तेल घालतात. म्हणून त्या लॉजवरच धुवून टाकायच्या.

घरी पोचलं की शेजारणी पाया पडायच्या. यात्रेहून आलेल्या बाईच्या पाया पडायची रीतच आहे आपल्याकडे. मग मावंदं घालायचं, चार माणसं जेवायला बोलवायची. पहिल्या वर्षी माझी सासू माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली, तेव्हा मला लाजेने मेल्यासारखं झालं. दुसऱ्या वर्षी झालं नाही. सवय होते.

शेवंती घाडी रत्नाताईच्याच कारखान्यात, तिच्या शेजारच्या टेबलावर होती. घाटकोपरला भटवाडीत राहायची. नवरा सहदेव गिरणीत. मूलबाळ नव्हतं. कारखान्यात तोंड न उघडणारी ही बाई कुंपणाशी उभी राहिली की वेगळीच व्हायची. सतरा नंबरच्या गाडीवर तिचा जीव. तो चालवणारा पोरगा मद्रासचा, शेवंतीचं नावही त्याला कळायचं कारण नव्हतं. पण तो समोरून गेला की ही पदर खोचून, "हाण मेल्या, हाण!" म्हणून अशी ओरडायची की पोलीस वळून बघायचे. रत्नाताई हसून हसून खाली बसायची. तेवढं हसताना मी तिला नंतर कधी पाहिलं नाही.

१९८३ सालची फेरी. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, सहदेव घरी बसून होता. या वेळी शेवंती येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण ती दादरला पिशवी घेऊन हजर. "सोडलं घरच्यांनी?" रत्नाताईने विचारलं. "सोडलं," एवढंच ती म्हणाली. आम्ही पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन मी म्हणत होतं. सतरा नंबर तिसरा होता, दुसरा होऊ बघत होता. शेवंती ओरडता ओरडता थांबली, कुंपणाचा दोर तिने दोन्ही हातांनी धरला आणि ती खाली बसली. चंपाने नाडी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच खराब असणार, कुणी तपासलं नसेल. पाच वाजायच्या आत ती गेली.

सहदेवला कळवायचं होतं. फोन लावणं माझं रोजचं काम. तार ऑफिसातून मी भटवाडीच्या वाण्याकडे अर्जंट कॉल लावला, सहदेवला बोलावून आणवलं आणि रिसीव्हर रत्नाताईच्या हातात दिला. तिने सांगितलं. मग त्याने विचारलं, कुठे पडली? ते मलाही ऐकू आलं. रत्नाताईने रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं की ती आता खरं सांगणार.

"पायऱ्यांवर म्हण," मी म्हणाले. "तिरुपतीच्या पायऱ्या चढताना. मग आपण मद्रासला आणलं."

ती तसंच म्हणाली.

मी हे कबूल करते आहे, पश्चात्ताप म्हणून नाही. सात बायकांची घरं होती मागे. माझं होतं. रत्नाताईवर रागावायचा मला काही अधिकार नाही हे मला ठाऊक आहे, तरी राग येतो. ती माझ्याहून मोठी होती. तिने माझं ऐकायला नको होतं.

सहदेव यायच्या आत रत्नाताईने शेवंतीचे पाय पुसले, केसांतली लाल माती काढली आणि तिला स्वतःचं नवं लुगडं नेसवलं. जुन्या साडीला तेलाचा वास होता. सहदेव दुसऱ्या दिवशी रात्री पोचला. बाकावर बसला आणि म्हणाला, "माझ्यापायी मेली ती, बाय. मी जाऊ नको म्हणालो होतो. तर म्हणाली, गिरण चालू होवंदे म्हणून नवस बोललेय, चालत चढेन म्हणून. आता नवस म्हटल्यावर मी काय बोलणार? मीच पाठवली तिला."

नवस बोलू नका, असा काही नियम रत्नाताईने घातला नव्हता. तिला ते सुचलंच नव्हतं, कारण ती कधी कुठल्या देवाला काही बोललीच नव्हती. आमच्या कोकणातल्या माणसाला एकदा नवस म्हटलं की तो आडवा येत नाही, हे शेवंतीला बरोबर ठाऊक होतं. सतरा नंबरसाठी ती एवढं खोटं बोलून आली.

मद्रासलाच अग्नी दिला. परतीच्या गाडीत सहदेव मांडीवर अस्थींचं मडकं घेऊन बसला होता. रेणिगुंट्याला गाडी थांबली आणि चहावाला नेहमीसारखा खिडकीशी आला. गडबडीत त्याला सांगायचं राहिलं होतं. सहा पुडे त्याने मोजून आत दिले, त्यांत शेवंतीचाही. सहदेवने विचारलं, हे काय? मी म्हटलं, वर असताना जास्तीचे सांगून ठेवले होते. त्याने शेवंतीचा पुडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. "सुतकात खायचा नाही," म्हणाला. "नाहीतर इथेच उतरून वर गेलो असतो, ती पायरी बघितली असती. आता वर्षश्राद्ध झाल्यावर."

भटवाडीत काय झालं असेल ते सांगायला नकोच. देवाच्या दारात मरण आलं, म्हणजे बाई पुण्यवान. तेराव्याच्या आधीच बायका विचारत आल्या, परबबाई पुढची यात्रा कधी नेतायत? मुलुंडला आमच्या सोसायटीतल्या सासवा आल्या. घाटकोपरहून म्हातारे नवरा-बायको जोडीने आले. रत्नाताई नाही म्हणू शकत नव्हती. तिरुपतीला नेणारी बाई तिरुपतीला नेणार नाही, याला कारण काय सांगणार? आधी ट्रेन, मग बसेस झाल्या. शर्यतींच्या फेऱ्या बंद झाल्या. अंधेरीच्या शाळेतल्या बाई एकदा येऊन फेब्रुवारीचं काय म्हणून विचारून गेल्या, तेव्हा रत्नाताईने त्यांना चहा दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

त्या वर्षात ती तीनदा सहदेवला खरं सांगायला भटवाडीत गेली. जाताना दर वेळी मला सांगून जायची. मी दर वेळी म्हणायचे, "तुझं मन हलकं होईल, आमचं काय?" एकदा तर रागाने म्हणाले, "आणि त्याला काय सांगशील? बायको नवसाचं खोटं बोलली म्हणून? गिरण गेली, बायको गेली, आता तिची आठवणही काढून घे." तिन्ही वेळा ती नुसती डबा देऊन परत आली. सहदेव तोपर्यंत कांजूरला एका गोदामावर वॉचमन लागला होता. तो जेवत नाही, म्हणायची. नुसता म्हणतो, मी पाठवली, मी पाठवली. एका वाक्यात त्याचं ओझं उतरवता आलं असतं, आणि ते वाक्य आमच्या दोघींकडे होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि तो आला. "बाय, मला ती जागा दाखव."

तीस माणसांच्या यात्रेत आम्ही त्याला घेतलं. मी मुद्दाम रजा काढून गेले, रत्नाताई एकटी पडू नये म्हणून, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे ती बोलेल या भीतीने गेले. बाकीच्यांना बसने वर पाठवून पहाटे आम्ही तिघं डोंगराच्या पायथ्याच्या अलिपिरीहून पायऱ्या चढायला लागलो. सहदेव अनवाणी. दर वळणावर विचारायचा, "हीच काय?" रत्नाताई म्हणायची, "अजून पुढे." शंभर झाल्या, पाचशे झाल्या. लोक गोविंदा गोविंदा करत बाजूने जात होते. ती कुठलीच पायरी दाखवू शकत नव्हती. मला कळत होतं ते, पण मी तिच्या मदतीला गेले नाही.

हजाराच्या पुढे कुठेतरी ती एका पायरीवर खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. सहदेव थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग ती बसली होती त्या पायरीकडे पाहिलं. "हीच," तो म्हणाला. विचारलं नाही त्याने, म्हणालाच. खाली वाकून त्याने दगडावर कपाळ टेकलं आणि कितीतरी वेळ तसाच राहिला.

"सहदेवा," रत्नाताई म्हणाली, "ऐक माझं. शेवंती इथे..."

"काय सांगू नको, बाय. एकच सांग. तिका तरास झालो काय?"

"नाही." तिने डोळे पुसले. "हसत होती रे. मोठमोठ्यानं ओरडत होती. मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. खरं सांगते."

ते खरंच होतं. सहदेवने माझ्याकडे बघितलं, मीही मान हलवली. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

"गोविंदा म्हणत होती ना?"

रत्नाताई माझ्याकडे बघत राहिली. मी काहीच केलं नाही, हललेसुद्धा नाही.

"हो," ती म्हणाली.

सहदेव उठला, धोतर झटकलं. उरलेल्या पायऱ्या तिच्या वतीने चढून नवस पुरा करतो, म्हणाला, म्हणजे गिरण सुरू होईल. वर अजून दोन हजारांहून जास्त पायऱ्या होत्या. आम्ही दोघी त्याच्या मागून चढायला लागलो.